दर गुरुवारी संध्याकाळी कोण येणार?

२०२५च्या जूनमध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक स्वरूपाचं सैनिकी प्रशिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर नुसती धुमश्चक्री उडाली. देशप्रेम, शिस्त, व्यायामाची सवय असे हेतू सांगितले होते. मदतीला अडीच लाख माजी सैनिक, क्रीडाशिक्षक, एनसीसी आणि स्काऊट-गाईड. निम्म्या ग्रुपचं म्हणणं, बरं झालं, पोरांच्या हातातला मोबाईल तरी सुटेल. उरलेल्यांचं, सहा वर्षांच्या लेकराला सावधान-विश्राम कशाला, आधी वर्गाला शिक्षक द्या. मी इंग्लंडात रेडिंगला राहते, त्यामुळे ‘तुला तिकडे बसून काय कळणार’ हे वाक्य माझ्या वाट्याला आलंच, आणि ते काही अंशी खरंही आहे. पण या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती, तीच मला खटकत राहिली. मुलांसोबत उभं राहणं हे कुणातरी नेमलेल्या माणसाचं काम. शिक्षक नाही तर फौजी, फौजी नाही तर क्रीडाशिक्षक. ग्रुपवर सगळे आईबापच होते. ‘मी जाईन’ असं एकानेही लिहिलं नाही.

मी गेली काही वर्षं इथल्या स्काऊट संघटनेच्या एका कब पथकात लीडर आहे. कब म्हणजे आठ ते साडेदहा वर्षांची मुलंमुली. त्याआधी बीव्हर, त्यानंतर स्काऊट. दर गुरुवारी संध्याकाळी दीड तास, शिवाय वर्षातून काही शिबिरं. पगार शून्य. लीडर लोकांना किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधली नावं असतात, म्हणून सगळी पोरं मला बगीरा म्हणतात. आमची अकेला बस डेपोत मेकॅनिक आहे आणि बल्लू औषधाच्या दुकानात काम करतो. जमतो तो हॉल म्हणजे पथकाच्या मालकीची जुनी शेड. छप्पर एका कोपऱ्यात गळतं, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी आम्ही कायम केक विकत असतो.

यात शिरले ती समाजसेवेच्या ओढीने नव्हे. लेकीचं नाव प्रतीक्षायादीत अडकलं होतं. देशभरात अशा यादीतल्या मुलांची संख्या लाखाच्या घरात आहे, आणि अडचण जागेची किंवा पैशाची क्वचितच असते. मोठी माणसं कमी पडतात. पथकाचा ईमेल आला की पालकांपैकी कुणी गुरुवारी यायला तयार असेल तर आणखी काही मुलं घेता येतील. सरळ व्यवहार होता. लेक पुढे स्काऊटमध्ये गेली, मी कबमध्येच राहिले.

पोरं तिथे काय करतात, हे घरी सांगायची सोय नाही. चाकू चालवतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात खराखुरा धारदार चाकू देऊन काठी तासायला शिकवणं हा आमच्याकडे एका संध्याकाळचा कार्यक्रम असतो. आधी प्रत्येकाने हात पसरून गोल फिरायचं, हाताच्या टप्प्यात दुसरं कुणी नको. मग खाली बसायचं, कोपरं गुडघ्यांवर टेकवायची, पातं अंगापासून दूर ढकलायचं. उठायचं असेल तर आधी चाकू बंद. पहिली दहा मिनिटं सगळ्यांची जीभ बाहेर आणि हॉलमध्ये फक्त सालं निघाल्याचा आवाज. एकदा आपल्याकडचेच एक बाबा मुलाला सोडायला आले ते दारातच थबकले. ‘अहो, घरी याला सफरचंदसुद्धा मी चिरून देतो.’ मी म्हटलं, थांबा ना, बसा इथे. ते बसले आणि शेवटी स्वतःच एक काठी तासत होते. मुलाच्या बोटाला बारीकसं कापलं, पट्टी लावली, नोंदवहीत नोंद केली. मुलगा ती पट्टी सगळ्यांना दाखवत फिरला.

आता कागदपत्रांकडे येते, कारण भारतातल्या मित्रमंडळींना परदेशातलं हे काही दिसत नाही. मुलांजवळ जायच्या आधी माझी गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी झाली. तिला इथे डीबीएस म्हणतात, स्वयंसेवकांना ती फुकट असते आणि दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. ओळखीच्या माणसांकडून माझ्याबद्दल लेखी मत मागवलं. मुलांची सुरक्षा आणि प्रथमोपचार यांचं प्रशिक्षण ठरावीक मुदतीने पुन्हा करावं लागतं. मुलांना रात्री मुक्कामी न्यायचं तर त्याचा वेगळा परवाना. आणि खिशात पिवळं कार्ड. कुठलाही लीडर मुलासोबत एकटा, इतरांच्या नजरेआड राहणार नाही, मुलाने काही सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देणार नाही, अशा गोष्टी त्यावर लिहिलेल्या असतात.

हा नियम कळतो तो शिबिरात, रात्री. एखाद्या पोराला आईची आठवण येते आणि ते तंबूत मुसमुसायला लागतं. माझा मराठी हात आपसूक त्याला कुशीत घ्यायला पुढे होतो. पण आधी बल्लूला उठवायचं, मुलाला तंबूबाहेर आणायचं, उघड्यावर खुर्च्या टाकायच्या आणि तिघांनी कोको पीत बसायचं. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटायचं. आता वाटत नाही. मूल शांत होतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणी कुणाबद्दल काही विचारलं तर दोन माणसांना तीच गोष्ट माहीत असते.

ही शिस्त इंग्रजांच्या रक्तात आहे असं समजायचं कारण नाही. ठेचा खाऊन आलेली आहे. २०१८मध्ये वेल्समधल्या ग्रेट ऑर्म या कड्यावरून पडून सोळा वर्षांचा एक एक्सप्लोरर स्काऊट, म्हणजे स्काऊटच्या पुढच्या गटातला मुलगा, गेला. २०२४मध्ये ज्युरीने हा मृत्यू बेकायदा हत्या ठरवला, आणि संघटनेवर ओढलेले ताशेरे आम्हा लीडरांना आजही ऐकवले जातात. अटलांटिकपलीकडे तर बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिकेने लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांखाली २०२०मध्ये दिवाळखोरी जाहीर केली; दावे ८२ हजारांवर गेले. स्वयंसेवक म्हणजे आपोआप सज्जन, या भाबडेपणाची किंमत मुलांनी मोजली. तेव्हा ‘तिकडे बघा कसं छान’ असं मला अजिबात म्हणायचं नाही.

पण बदलापूर आठवा. २०२४च्या ऑगस्टमध्ये एका शाळेत दोन चिमुरड्यांवर सफाई कामगाराने अत्याचार केल्याचं उघड झालं, लोक रेल्वेरुळांवर उतरले. त्यानंतरची चर्चा सीसीटीव्ही, तक्रारपेटी, शाळेतली सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी अशी फिरत राहिली. यातलं काहीच चुकीचं नाही. तरी कॅमेऱ्याचं चित्रण बहुधा घडून गेल्यावर बघतात, आणि समितीची बैठक त्याहूनही उशिरा होते. ऐन वेळी तिथे दुसरं मोठं माणूस का नव्हतं, हा प्रश्न मला बातम्यांत फार थोड्या वेळा दिसला. इथे आमच्याकडे कॅमेरा नाही. बल्लू आहे.

देशप्रेमाबद्दलही एक सांगते. लीडरलाही वचन घ्यावं लागतं आणि त्यात राजाप्रती कर्तव्याचा उल्लेख आहे. माझा पासपोर्ट भारताचा, त्यामुळे मी जरा बिचकत होते. अकेलानेच सांगितलं की दुसऱ्या देशाच्या नागरिकाने ‘मी सध्या जिथे राहते त्या देशाप्रती’ असं म्हणायची सोय आहे, देवाच्या जागी हिंदूंना धर्म म्हणता येतो, आणि देव न मानणाऱ्यांसाठी २०१४पासून वेगळं वचन आहे. मी माझं वचन त्या गळक्या शेडमध्ये, पोरांसमोर घेतलं. ज्या देशाने अर्ध्या जगावर युनियन जॅक रोवला त्याच्याकडून एवढं सैल वचन मला अपेक्षित नव्हतं. आणि तरी गावातल्या नदीकाठचा कचरा उचलायला जातो तेव्हा ही पोरं, पाकिस्तानी, पोलिश, गोरी, तमिळ, ‘आमची नदी’ असंच म्हणतात. त्यासाठी कुणाला कवायत करावी लागली नाही.

आमच्या कराडच्या शाळेतही गाईडचं पथक होतं. शिवणाच्या बाई गाईड कॅप्टन होत्या, कारण मुख्याध्यापकांनी त्यांचं नाव दिलं होतं. ‘दया कर दान’ म्हणायचो, गाठी शिकायचो, खरी कमाईच्या दिवशी भेळ आणि पोहे विकून हिशेब द्यायचो. राज्य पुरस्काराच्या शिबिरात पावसाने तंबू पडला तेव्हा बाई आमच्यासोबत चिखलात उभ्या होत्या. बाई चांगल्याच होत्या. पण त्यांच्या डोक्यावर वर्ग, वह्या, निवडणूक आणि जनगणना यांच्यावर हे एक ओझं होतं. पथक चालायचं ते त्यांच्या भलेपणावर, आणि त्यांची बदली झाली तेव्हा ते बंद पडलं. पुढे दहावीच्या सवलतीच्या गुणांशी या सगळ्याची सांगड बसल्यावर कुठल्या पुरस्काराने किती गुण मिळतात, याचीच चौकशी पालक जास्त करू लागले.

सुरुवात अशी नव्हती. साहेबांनी १९०९मध्ये बंगळुरूत स्काऊटिंग आणलं ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांसाठी ज्यांनी दार उघडलं त्यांत ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांच्यासोबत आपल्या नागपूरचे विव्हियन बोस होते, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. यातलं कुणी शाळेच्या हजेरीपटावर सही करून पथक घेत नव्हतं. १९५०मध्ये भारत स्काऊट्स अँड गाईड्स ही एकत्र संघटना झाली, आणि पुढे रेल्वेची वगैरे काही पथकं सोडली तर हे काम महाराष्ट्रात बरंचसं शाळेच्या पोटात गेलं. शाळेबाहेर १९४१पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखा होत्या. माझ्या आजोबांच्या तोंडी त्या संध्याकाळच्या मैदानांच्या कितीतरी आठवणी असायच्या. संघाच्या शाखा तर आजही भरतात. त्यांचे विचार मला पटत नाहीत, पण मुलांसाठी कुणीतरी मोठं माणूस रोज ठरलेल्या वेळी मैदानात उभं पाहिजे, हे त्यांनी कधी विसरू दिलेलं नाही. बाकी सगळ्यांनी ती वेळ क्लासवाल्यांना देऊन टाकली, फी भरून.

हे सगळं मी माझ्या बहिणीला फोनवर ऐकवलं. ती सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग माझी हजेरी घेतली. ‘तू पाचला ऑफिसातून उठतेस. ठाण्याचे भाऊजी साडेनऊला घरी येतात, तेही लटकत. त्यांनी गुरुवारी साडेसहाला कुठल्या मैदानात जायचं?’ याला माझ्याकडे उत्तर नाही. स्वयंसेवा ही वृत्तीइतकीच कामाच्या तासांची गोष्ट आहे. इथेसुद्धा दोन-दोन पाळ्यांत काम करणारे आईबाप लीडर होत नाहीत, आणि त्यामुळे बऱ्याच पथकांत खाऊनपिऊन सुखी घरांतली माणसंच भरलेली दिसतात. मुंबई-पुण्यात रविवार सकाळ जमेल कदाचित. तिच्या गावाचं मात्र वेगळं आहे, हे तीच म्हणाली. तिथे संध्याकाळी माणसं असतात.

मग तिने नावं घ्यायला सुरुवात केली. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, गावच्या आशा सेविका, पोलीस भरतीची तयारी करणारी दोन मुलं, आणि हो, सैन्यातून परतलेले एक सुभेदार. सुभेदार आले तर मला आनंदच आहे, शेजारी म्हणून आले तर. पडताळणीचं काय, म्हणून विचारलं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र आपल्याकडेही मिळतं, नोकरीसाठी लोक काढतातच. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदही २०१८पासून आहे, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येते. मुलांसोबत काम करू इच्छिणाऱ्याचं नाव त्या नोंदीशी ताडून पोलिसांनी फक्त ‘हरकत नाही’ एवढं कळवायचं, ते प्रमाणपत्र फुकट द्यायचं आणि दर काही वर्षांनी नवं करायचं, हे एका शासननिर्णयाचं काम आहे. अडीच लाख माणसं नेमण्यापेक्षा स्वस्त पडेल. दोन मोठ्या माणसांचा नियम तर फुकटच आहे.

मैदानाचं अजून सुटलेलं नाही. शाळा पाच वाजता बंद होते, फाटकाला कुलूप लागतं आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. ते कराडहून येऊन-जाऊन करतात. ग्रामपंचायतीने ठराव केला तर किल्ली सरपंचांकडेही ठेवता येईल का, हे बहीण विचारून कळवणार आहे.