उष्टा चमचा

बाटली फ्रिजमध्ये अगदी मागे ढकलून ठेवली आहे. समोर दिसली की माझं डोकं फिरतं.

घरात सगळ्यांना सर्दी, म्हणून एल्डरबेरी नावाच्या बारीक काळ्या फळांचं मसालेदार सिरप घरीच करायची मला हुक्की आली. वाळवलेली फळं एक कप, पाणी चार कप, दालचिनी, लवंगा, आल्याच्या चकत्या. मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवायचं, गाळायचं, कोमट झालं की मध. संपली कृती. हे ‘निम्मं होईपर्यंत’ ज्यानं लिहिलं, त्यानं एकदा पाऊण तास पातेल्यापाशी उभं राहून दाखवावं.

वासावर शेजारचे काका आले. निमित्त पेपर परत करण्याचं. पेपर कालचा.

"मिरी उकळतेस?"

"एल्डरबेरी आहे, काका."

"मिरीच दिसतेय." असं म्हणून त्यांनी पुडीतली चार फळं तळहातावर घेतली आणि हात तोंडाकडे नेला. मी मनगटच धरलं. "शिजवल्याशिवाय खायची नाहीत! त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात."

एवढं बोलले आणि चुकले. काकांनी फळं एकेक करून पुडीत परत टाकली, हात शर्टाला पुसला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोलिसांना हवी असलेली बाई आहे.

"आणि हे तू पोरांना देणार?"

"उकळल्यावर ते जातं."

"कुठे जातं?"

याला काय उत्तर द्यायचं? मी झाऱ्यानं चिमणीकडे बोट दाखवलं. काका दोन पावलं मागे सरकले आणि तिथूनच त्यांनी काकूंना फोन लावला. "अगं, खिडकी लाव. ही सायनाइड उकळतेय."

बरं, एवढ्या खटाटोपाचा उपयोग किती? काही छोट्या प्रयोगांत सर्दीचे दिवस थोडे कमी झालेले दिसलेत, पण छातीठोकपणे सांगावं असं काही नाही. सर्दी आपली आपणही जातेच. फडक्यातून तो लगदा पिळताना हे सगळं मला आठवत होतं, आणि मदतीला घरातलं एक माणूस येत नव्हतं. चव बघायला मात्र रांग. पिळताना पांढऱ्या बाहीवर जांभळी चिळकांडी उडाली. घाईघाईनं खाण्याचा सोडा चोळला, तर डाग निळसर हिरवा झाला! या रंगाला सोडा लागला की तो पालटतो, हे मला ठाऊक होतं. ऐन वेळी आठवेल तर ते ज्ञान कसलं.

मध घालून बाटली भरली. "बघू," काका म्हणाले. विषाची भीती एव्हाना गेली होती. चमचा बुडवला, चाटला, डोळे मिटले, नाक जोरात ओढलं, आणि तोच चमचा पुन्हा बाटलीत!

"काका!"

"थांब, आल्याचा अंदाज येत नव्हता." तिसऱ्यांदा बुडवून निकाल दिला : "खोकल्याच्या औषधासारखं लागतं. त्यापेक्षा विकतचं आणायचं."

पाऊण तास आटवणं, अर्धा तास पिळणं, एक शर्ट. आणि विकतचं आणायचं!

आज सकाळी पुन्हा बेल वाजली. काका, हातात रिकामी बाटली. "हिचा घसा धरलाय. ते तुझं जरा दे. नीट उकळलेलं दे हं."

मी फ्रिजमधली बाटली मागून पुढे काढली. त्यातलंच दिलं.