नट, दोरा आणि ९८०

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका मित्राने फर्मान काढलं: "कृतीतून विज्ञान म्हणजे नुसता टाइमपास. पोर्शन कोण संपवणार? आपण फळ्यावरच शिकलो ना, काय बिघडलं?" खाली धडाधड अंगठे. मी तणतणत टाइप करत होतो, पुसत होतो.

कारण त्याच आठवड्यात इथे स्टुटगार्टात लेकीच्या चौथीच्या वर्गात मदतीला गेलो होतो. दोन खुर्च्यांवर आडवी झाडूची काठी, तिला दोरा, दोऱ्याला लोखंडी नट. लांबी २५ सेंटिमीटर. पोरं 'आइन्स, त्स्वाय' मोजत होती, मी मनात एक, दोन. अजून तसंच मोजतो. दहा झोक्यांना दहा सेकंद. मग चार नट एकाखाली एक बांधले, तर जवळजवळ अकरा. "जड लंबक हळू जातो!" फळ्यावर लिहूनही झालं. बाई गप्प. माझी जीभ नुसती वळवळत होती. बऱ्याच वेळाने एक मुलगी काठीखाली वाकली आणि म्हणाली, नट खाली लोंबताहेत, म्हणजे लंबक लांबही झालाय की! चारही नट एकाच गाठीला बांधले, पुन्हा मोजलं. दहा. बाईंनी शाबासकीही दिली नाही, फक्त तिच्या हातात डस्टर दिलं.

हे ग्रुपवर टाकलं. मित्राचं उत्तर तयारच होतं: "तिकडे वर्गात बावीस पोरं, इथे साठ." खरंय. पण होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ सालीच असं विज्ञान सुरू झालं होतं. पुढे ते शेकडो सरकारी शाळांत पोचलं. पोरं पुस्तक उघडं ठेवून परीक्षा द्यायची. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने ते बंद केलं. मी हेही ठणकावून लिहिलं. हे मला इथे आल्यावर कळलं, ते नाही लिहिलं.

आणखी एक लिहिलं नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलला असाच लंबक झुलवून काढलेलं माझं गुरुत्वत्वरण अकराशेच्या वर आलं होतं. मी पुस्तकातलं ९८० (सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग) धरून उलटी आकडेमोड केली, रीडिंग जुळवली, खरी वाटावीत म्हणून एक-दोन मुद्दाम जरा चुकवली. जर्नलवर सही झाली. दोरा कुठून मोजला होता, हे बघायचं सुचलंच नाही.

रात्री मित्राचा मेसेज: "साहेब, तुमचंच जर्नल उतरवलं होतं मी. ९८० बरोब्बर!"

पुन्हा धडाधड हसरे चेहरे. मीही एक टाकला.