'सह्यवेडा' यांना उत्तर: वडापाव खाल्ला, मान्य

नमस्कार.

बोरघाटावरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर देणार नव्हते. दोन दिवस गप्प बसूनही ती डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते आहे.

आधी चूक. घाटातल्या रेल्वेचं कंत्राट पहिल्यापासून ट्रेडवेल कुटुंबाकडे होतं, असं मी लिहून गेले. ते बरोबर नाही. 1856 साली काम सुरू केलं फॅविएल या इंग्रज कंत्राटदाराने. त्याने 1859 मध्ये कंत्राट सोडलं, मग सॉलोमन ट्रेडवेल आला, काही आठवड्यांतच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते पुढे चालवलं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभारी आहे.

आता ते वाक्य. 'ताई, संशोधनाच्या नावाखाली लोणावळ्याची सहल आणि वर वडापाव, याखेरीज लेखात काही दिसलं नाही.'

ताई म्हणायचं आणि त्याच वाक्यात चिमटा काढायचा, ही पद्धत मला नवी नाही. पण 'संशोधनाच्या नावाखाली' म्हणजे काय हो? एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात मी दोन उन्हाळे बसले आहे. पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. पान उलटताना कडेचा तुकडा बोटाला चिकटून येतो, तेव्हा आपणच इतिहास फाडला असं वाटून पोटात गोळा येतो. हे मी लेखात लिहिलं नाही, कारण त्या दिवशी मी तिथे नव्हते, घाटात होते. दरवेळी हजेरीपत्रक जोडायचं का?

आणि घाट मला सहलीला लागत नाही. माझे वडील घाटातल्या ठाकूरवाडीला सांधेवाले, म्हणजे गाडीचा रूळ बदलून देणारे, होते. आपल्याला घाटाचं एवढं वेड आहे तर हे ठाऊक असेलच, पण तरी सांगते. पुण्याकडून उतरणारी गाडी तिथे थांबतेच. सांधा एरवी कॅच सायडिंगकडे, म्हणजे चढावर जाऊन संपणाऱ्या रुळाकडे लावलेला असतो. गाडी थांबली, ब्रेक ताब्यात आहेत अशी खात्री झाली की मगच तो मुख्य मार्गाला लावायचा. 37 फुटांना एक फूट असा उतार आहे तो! पावसाळ्यात धुक्यामुळे इंजिन दिसायचं नाही. वडील नुसत्या आवाजावरून सांगायचे, 'थांबली.' घरी आले की त्यांच्या छत्रीला आणि डब्याच्या पिशवीला एकच वास यायचा, ओल्या गोणपाटाचा आणि वंगणाचा. तो वास मला कुठल्याही दप्तरात सापडला नाही. त्यासाठी जाऊन उभं राहावं लागतं. याला आपण सहल म्हणत असाल तर म्हणा.

कादंबरी लिहिणाऱ्याने घरात बसून लिहिलं तर 'अनुभव नाही', बाहेर पडलं तर 'सहल', कागद वाचले तर 'पुस्तकी'. आपण स्वतः शेवटचं काय लिहिलंत, हे विचारणार नव्हते. विचारलं.

राहिलेले मुद्दे. 'इंग्रज मडमेवर चार परिच्छेद आणि बोगदे खणणाऱ्या मजुरांवर एक ओळ' असं आपण म्हणता. 1861 च्या सुमारास कामावर 42 हजारांवर माणसं होती, हे मला माहीत आहे. 1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला, तोही माहीत आहे. ते सगळं मी घाटावर लिहिते आहे त्या कादंबरीत येणार आहे. अ‍ॅलिसच्या नावाचे कागद मिळतात, मजुरांच्या नावांचे मिळत नाहीत, त्याला मी काय करू? लेख छोटा होता. विषय संपला.

'भाषा इंग्रजाळलेली आहे' हे आपण टोपणनावामागून म्हणता. ते सोडून देते.

आपण लेख शेवटपर्यंत वाचलात याबद्दल मात्र मनापासून आभार. निदान तसं मी समजत होते, पण...

ता. क. वडापाव कर्जत स्टेशनवरचा होता. लोणावळ्याला मी त्या दिवशी उतरलेच नाही. लेखात तिसऱ्या ओळीत आहे.