लिंक मेली म्हणजे प्रोजेक्ट मेला? काहीही हं!

सध्या एक मेसेज फिरतोय, की 'ओपन सोर्सवाल्यांना साधी डाउनलोड लिंक टिकवता येत नाही. फाइल एकदा अपलोड केली की विषय संपला, लिंक तुटली म्हणजे प्रोजेक्ट मेला, आणि आता गिटहब असताना तर कारणच उरलं नाही.' (ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, गिटहब म्हणजे असा कोड ठेवायची साइट.) आधी हसू आलं, मग डोकं फिरलं.

लिंक तुटली म्हणजे प्रोजेक्ट मेला, हे तर बरेचदा बरोबर उलटं असतं. झेडलिब घ्या, डेटा दाबून लहान करणारी, पीएनजी इमेजपासून खुद्द गिटपर्यंत (कोडची व्हर्जन्स सांभाळणारं टूल) सगळीकडे वापरली जाणारी लायब्ररी. तिचं १.२.११ व्हर्जन जानेवारी २०१७ चं, पाच वर्षं तेच लेटेस्ट होतं, त्यामुळे कित्येकांनी बिल्ड स्क्रिप्टमध्ये (कोडपासून प्रोग्रॅम तयार करायच्या सूचनांत) तिच्या डाउनलोडचा पत्ता जसाच्या तसा चिकटवला आणि विसरून गेले. मार्च २०२२ मध्ये सिक्युरिटीचं भोक बुजवून १.२.१२ आलं आणि जुनी फाइल गेली 'फॉसिल्स' नावाच्या फोल्डरात (नाव बघा काय ठेवलंय!). झालं, बिल्ड धडाधड पडायला लागले, ४०४, म्हणजे 'फाइल सापडली नाही'. म्हणजे प्रोजेक्ट जिवंत होता म्हणूनच लिंक तुटली ना? अपाचे या ओपन सोर्स संस्थेचंही तसंच, मेन सर्व्हरवर फक्त चालू व्हर्जन, जुनी सगळी आर्काइव्हला. त्यांच्या टॉमकॅट या सर्व्हर सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर डॉकरफाइलमध्ये (हीसुद्धा बिल्डच्या सूचनांचीच फाइल) ठोकून ठेवून मीही एकदा शुक्रवारी संध्याकाळी अडकलोय, चूक माझीच होती.

आता 'एकदा अपलोड केली की संपलं'. अरे पण ठेवली कुठे? प्रोजेक्टच्या फाइली ठेवायच्या साइटच बंद पडतात: कोडहाउस २०१५ मध्ये बंद, गूगल कोड जानेवारी २०१६ मध्ये, बिनट्रे मे २०२१ मध्ये. भाड्याचं घर मालकानेच पाडलं तर पत्ता बदलणारच, त्यात भाडेकरूचा काय दोष?

आणि गिटहब! ३० जानेवारी २०२३ ला लिंक चालू होती, फाइल उतरत होती, पण चेकसम (फाइल बदलली नाही ना, हे तपासायचा आकडा) जुळेना. झालं असं की तिथलं सोर्सचं टारबॉल (सगळ्या फाइलींचं एकत्र दाबलेलं गाठोडं) मागितल्यावर तयार होतं, आणि गिटच्या नव्या व्हर्जनने फाइल दाबणारा जीझिप हा बाहेरचा प्रोग्रॅम सोडून स्वतःचं आतलं कॉम्प्रेशन वापरायला सुरुवात केलेली, त्यामुळे आतला कोड अक्षरशः तोच पण दाबलेल्या फाइलचे बाइट वेगळे, आणि चेकसम तपासणारे बिल्ड सगळे आपटले. बोंबाबोंब झाल्यावर त्याच दिवशी बदल मागे घेतला. मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) स्वतः रिलीजला जोडलेली फाइल वेगळी आणि ही आपोआप बनणारी वेगळी, एवढं तरी मेसेज लिहिणाऱ्याला माहीत हवं होतं.

एक मान्य, फाइल हलवताना जुन्या पत्त्यावर रीडायरेक्ट (आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सोय) ठेवता येतो आणि काही जण तेवढंही करत नाहीत. त्यावर ओरडा, मीही येतो ओरडायला. पण डेबियन लिनक्सवाले बघा, मूळ टारबॉलची कॉपी स्वतःच्या आर्काइव्हमध्ये ठेवतात, पॅकेज बिल्ड करताना बाहेरच्या लिंकवर विसंबतच नाहीत. तुमचा सीआय (आपोआप बिल्ड चालवणारी यंत्रणा) मात्र रोज रात्री कुणाच्या तरी फुकटच्या सर्व्हरवरून तीच फाइल पुन्हा पुन्हा ओढणार, आणि आळशी कोण, तर मेंटेनर.