जड डिझेल ट्रकचे टायर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ पाव मैलाच्या शर्यतीसाठी, जड डिझेल ट्रकला चाकं आणि टायर कसे निवडावेत, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. सकाळी पुन्हा वाचली आणि तसं करवेना. म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. आठ बोल्टच्या चाकांबद्दल लिहिताना ८ बाय १७० मिलिमीटर (१७० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आठ बोल्ट) हे माप मी जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) ट्रकसमोर टाकलं. ते फोर्डच्या सुपर ड्यूटीचं आहे. जीएमच्या जड पिकअपना २०११ पासून ८ बाय १८० लागतं, त्याआधी ८ बाय १६५.१ होतं. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. ती दाखवल्याबद्दल मनापासून आभार.

आता त्या वाक्याकडे येतो. तुम्ही लिहिलंत : "हा लेख कॅटलॉग समोर ठेवून लिहिलेला दिसतो. ट्रॅकवर उभा राहिलेला माणूस लोड रेटिंगचं (टायर किती वजन पेलतो त्या आकड्याचं) पुराण सांगत बसत नाही. सगळे जण कारचे ड्रॅग रेडियल (रेससाठीचे मऊ, चिकट टायर) लावून, हवा १८ पीएसआयवर आणून पळवतात, कुणाला काही झालेलं नाही."

मी ट्रॅकवर उभा राहिलो आहे की नाही, हे तुम्हाला कुठून कळलं? विचारलं असतंत तर सांगितलं असतं. न विचारता ठरवून टाकलंत, आणि तेही इतर वाचकांसमोर. मतभेद असू द्या, मला त्याचं काही वाटत नाही. पण एखाद्याने वर्षानुवर्षं गुडघे टेकून केलेल्या कामाला 'कॅटलॉग' म्हणायचं असेल, तर आधी थोडी चौकशी करायला हवी होती.

मित्राच्या ट्रकवर मी सात सीझन काम केलं. ट्रक त्याचा, स्टिअरिंग त्याच्या हातात, आणि चाकं माझ्याकडे. हवा मी भरायचो, मी मोजायचो, नट मी आवळायचो. प्रत्येक रनआधी टायरवरून रिमवर खडूची एक सलग रेघ ओढायची. ट्रक परत आला की वाकून बघायचं, रेघ जुळते आहे का. टायर रिमवर सरकला असेल तर रिमवरचा अर्धा भाग पुढे गेलेला असतो आणि रबरावरचा मागे राहिलेला. डिझेलचा टॉर्क एकदम अंगावर येतो. ब्रेक दाबून धरायचा, टर्बोला बूस्ट (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) बनवू द्यायचा आणि मग सोडायचं. त्या क्षणी हवा कमी असलेला टायर रिमला धरून राहतोच असं नाही. बोटभर सरकलेल्या रेघा मी कितीतरी वेळा पुसल्यात आणि पुन्हा ओढल्यात.

आणि ऐका, तुम्ही सुचवताय तेच आम्ही एका सीझनला केलं होतं. अगदी तेच. कारचे ड्रॅग रेडियल, चारही चाकांना, हवा १८. ग्रिप सुंदर मिळाली. साठ फुटांचा वेळ, म्हणजे सुरुवातीचे साठ फूट कापायला लागणारा वेळ, लगेच सुधारला, सगळे खूश. तिसऱ्या रननंतर ट्रक परत आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे बसलो. पुढचा डावा टायर बाहेरून नव्यासारखा दिसत होता. खडूची रेघही जुळत होती. सवयीने आतल्या बाजूला हात घातला तर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, भाजेल इतकी गरम, आणि बोटांना रबराचा चुरा लागला. जॅक लावून चाक काढलं. आतल्या बाजूला, रिमच्या थोडं वर, बोटाच्या रुंदीचं एक वर्तुळ पूर्ण गोल घासलं गेलं होतं आणि एका ठिकाणी पांढरे धागे दिसत होते. टायर फुटला नव्हता. टाइमस्लिपवर, म्हणजे रननंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर, आमची त्या दिवसातली सगळ्यात चांगली वेळ होती. बाहेर उभ्या असलेल्या कुणालाही विचारलं असतं तर तो म्हणाला असता, 'काही झालेलं नाही.' तुमच्या वाक्यातले 'सगळे जण' असेच आहेत. रन संपल्यावर तुम्ही एकदा तरी स्वतःच्या टायरला आतून हात लावला असतात, तर हे वाक्य लिहिलं नसतंत.

त्या दिवसानंतर आम्ही ट्रक वजनकाट्यावर घातला. आधीच घालायला हवा होता. ड्रायव्हर आणि इंधनासकट ३,५०० किलो, त्यातले २,१०० पुढच्या एक्सलवर. सहा सिलिंडरचं कमिन्स इंजिन एकटंच अर्ध्या टनाच्या घरात जातं, तेव्हा दुसरं काय होणार! म्हणजे पुढच्या प्रत्येक टायरवर १,०५० किलो, ट्रक नुसता उभा असताना. आमच्या टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावर छापलेला आकडा, १०५ होता. १०५ म्हणजे ९२५ किलो, आणि तेही हवा पूर्ण असताना. आम्ही हवा १८ वर आणून त्याची ताकद आणखी काढून घेतली होती. लॉन्चला, म्हणजे ट्रक सुटताना, पुढचा भाग हलका होतो असं तुम्ही लिहिलंत. होतो, पण ते पहिल्या एक-दोन सेकंदांपुरतं. पाव मैल संपल्यावर ब्रेक दाबला की वजन उलटं पुढे येतं. जोरदार ब्रेकमध्ये आमच्या ट्रकला प्रत्येक पुढच्या टायरवर आणखी दोनेकशे किलो पडत होते, असा माझा हिशेब आहे. टायरला खरा मार तिथे बसतो, सगळ्यात जास्त वेगात. लोड रेटिंगचं 'पुराण' मी लावलं ते यासाठी. हा शब्द मला लागला, हे लपवत नाही.

तेव्हापासून आम्ही १७ इंची रिमवर एलटी (लाइट ट्रकचे) टायर लावले, लोड रेंज ई (जास्त वजन पेलणारा वर्ग), इंडेक्स १२१, म्हणजे १,४५० किलोचे. ते ८० पीएसआयपर्यंत हवा घेतात. पुढे ५० च्या खाली मी कधी उतरलो नाही. मागे वजन कमी असतं, तिथे ३५ पर्यंत आणलं. साठ फुटांचा वेळ थोडा वाढला, हे खरं आहे. पुढचे सगळे सीझन एकाही टायरला आतून तसं वर्तुळ पडलं नाही, हेही खरं आहे.

टायरवर छापलेलं वेगमर्यादेचं अक्षर बघायची गरज नाही, असंही तुमचं म्हणणं. पाव मैल १२ सेकंदांत संपवणारा जड ट्रक शेवटच्या रेषेवर ताशी १७५ ते १८० किलोमीटरच्या आसपास असतो. क्यू अक्षराचा टायर १६० साठी असतो, आर १७० साठी, एस १८० साठी. खडबडीत मड टायरवर बहुधा क्यूच छापलेलं असतं. यात वाद घालण्यासारखं काय आहे, मला समजत नाही.

'पुढच्या-मागच्या टायरमध्ये एक इंचाने काय होतं' या प्रश्नाचं उत्तर एका गणितात आहे. ३२ इंचाच्या टायरवर एक इंच म्हणजे तीन टक्के. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, म्हणजे फोर-व्हील लॉक असताना, पुढची-मागची चाकं एकत्र जोडलेली असताना, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या हिशेबात जवळपास १२ मीटरची तफावत. चिकट ट्रॅकवर चाक घसरून ती भरून काढू शकत नाही, मग ती ट्रान्सफर केसवर (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीवर) आणि शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटवर येते. बायस स्लिक (रेडियलपेक्षा वेगळ्या बांधणीचा, नक्षी नसलेला रेस टायर) वेगाबरोबर व्यासाने वाढतं, म्हणून पुढे रेडियल आणि मागे स्लिक हा बेत फोर-व्हील ट्रकला मी सुचवणार नाही. तुमच्या ओळखीतले ट्रक मागच्याच चाकांवर पळणारे आणि अंगावरचं बरंच उतरवून हलके केलेले असतील, तर त्यांचा हिशेब वेगळा. माझ्या लेखाचं शीर्षकच 'जड' या शब्दाने सुरू होतं.

हलक्या चाकांवर तुम्ही तीन परिच्छेद लिहिलेत. फिरणारं वजन कमी केलं की फायदा होतो, हे मी कुठेही नाकारलेलं नाही. फक्त रिमच्या मागे कोरलेला लोडचा आकडा आधी वाचा, इतकंच म्हटलं होतं. २० इंची चाकं का नकोत, हे लेखात साइडवॉलच्या भागात आहे. ते पुन्हा इथे लिहीत नाही.

आणि एवढ्या लांब प्रतिक्रियेत तुमच्या स्वतःच्या ट्रकचं वजन कुठेच नाही. पुढचा एक्सल वेगळा, मागचा वेगळा, काट्यावर घालून दोन्ही आकडे इथे लिहा. सोबत टायरवर छापलेला लोड इंडेक्सही लिहा. मग १८ हवेबद्दल बोलू.