वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणून ती बँक होत नाही ओ काका!
किती वेळा सांगायचं, बँकेचं नाव सर्चमध्ये टाकून पहिली दिसेल ती लिंक दाबू नका, वरची ती बऱ्याचदा जाहिरात असते, पैसे भरून कुणीपण टाकतंय! पण नवी पेठेतल्या आमच्या काकांचं एकच, "कुलूप दिसतंय की बे, सेफ आहे." अहो, कुलूप म्हणजे मधलं कुणी वाचत नाही एवढंच, पलीकडं चोर बसला तरी ते दिसतंच. रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना डॉट बँक डॉट इन (.bank.in) या फक्त बँकांनाच मिळणाऱ्या पत्त्यावर जायला लावलं ते काय उगाच? पत्त्यात सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या (/) लगेच आधी तेच पाहिजे, सुरुवातीला बँकेचं नाव काय कुणीही चिकटवतंय. आणि पैसे गेले की फोन कुणाला, तर मला! सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला लावा की आधी!!