सरड्याचं ऊन, एक नग

आर्वीच्या बाजारातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून काल जे बिल मिळालं, त्यावर माझ्या नावाच्या जागी 'सरडेवाले मास्तर' असं लिहिलं आहे. अक्षर वळणदार आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, त्यामुळे मास्तर म्हणून तक्रार करायचीही सोय राहिलेली नाही.

सामान अगदी किरकोळ होतं. भाच्याची बदली झाली आणि त्याचा येमेनी सरडा पिंजऱ्यासकट आमच्याकडे आला. पिंजरा दोन बाय दोन, उंची चार फूट, चारही बाजूंनी जाळी. सरडा परदेशी आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद झालेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्या बांधावरचा घोयरा सरडा १९७२च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे आणि तो घरात पाळला तर पिंजऱ्यात जायची पाळी आपली असते. तर मला हवे होते साठ वॅटचा पिवळा बल्ब, चिनी मातीचा होल्डर, एक टायमर आणि दोन फुटी टी-फाइव्ह ट्यूबची पट्टी. ट्यूब कुरिअरनं आधीच आली होती. चोवीस वॅटची, हाय आउटपुट, यूव्हीबी, म्हणजे सरड्याला लागणारे अतिनील किरण देणारी.

पट्टीपाशीच गाडी अडली. दुकानदारानं चौदा वॅटची काढून दिली. मी म्हटलं, चोवीसची पाहिजे. त्यानं माझी ट्यूब घेऊन खटकन बसवून दाखवली. "बसते ना?"

बसतेच. मेख तीच आहे. चौदा आणि चोवीस वॅटच्या टी-फाइव्ह ट्यूबची लांबी सारखीच, ५४९ मिलिमीटर. फरक चोकचा. चौदाच्या चोकवर चोवीसची ट्यूब लागते, पण अर्धपोटी. आपल्या डोळ्याला उजेड दिसतो आणि सरड्याला जे हवं ते पोचत नाही. हे मी समजावून सांगितलं, तर त्यानं एलईडीची पट्टी पुढे केली. मग मच्छर मारायच्या यंत्राची निळी नळी. "हे बी यूव्हीच हाये, सर." आहे, पण ती यूव्हीए, किडे ओढायला. मग पाण्याच्या फिल्टरची यूव्ही नळी. ती यूव्हीसी, जंतू मारणारी. ती उघडी लावली तर आधी डोळे जातील, सरड्याचे आणि माझेही. यूव्ही म्हणजे आडनाव आहे हो, घरातली माणसं वेगवेगळी!

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण काउंटरलगतच्या बाकावर एक काकाजी बसले होते. मोटरचा स्टार्टर जळाला म्हणून दुरुस्तीला टाकलेला, मेकॅनिक जेवायला गेलेला.

"पिल्लायले पाह्यजे काय जी बल्ब? कोंबडीच्या?"

त्याच वेळी मान डोलवायला हवी होती. पण खरं बोलायची खोड.

"सरड्याले."

"कोणाच्या?"

"माझ्याच."

काकाजींनी खर्र्याची पुडी परत खिशात ठेवली. हे काम तोंड रिकामं ठेवून करायचं होतं.

"म्हंजे मास्तर, उन्हाळ्यात आमी लिंबाखाली मरून राह्यतो, अन तुमच्या सरड्याले वऱ्हाडात गरमी कमी पडून राह्यली?"

दुकानात तोवर सहा माणसं झाली होती. मी आकडे काढले. नागपुरात २३ मे २०१३ला पारा ४७.९ होता आणि २९ डिसेंबर २०१८ला ३.५. इथलं ऊन आणि इथली थंडी, दोघंही माप ठेवत नाहीत. सरड्याला माप लागतं. ज्या फांदीवर तो ऊन खायला बसतो तिथं २९ ते ३२ अंश, खाली झाडोऱ्यात २२ ते २६, म्हणजे तापला की उतरेल आणि गार पडला की चढेल. माप फांदीवर नाही, त्याच्या डोक्यावर जो उंच तुरा असतो त्या उंचीवर घ्यायचं. कारण बल्बला सर्वात जवळ तोच असतो आणि आधी तोच भाजतो. बल्ब जाळीच्या बाहेर वरून, फांदीपासून फूटभर. आत लटकवला तर बाबा उलटा चढून त्यालाच मिठी मारतो. प्लॅस्टिकचा होल्डर तापून वितळू शकतो, म्हणून चिनी मातीचा. उन्हाळ्यात बल्ब बंदच आणि पिंजरा कूलरच्या खोलीत. ३५च्या वर गेलं की तो फिका पडतो आणि तोंड वासून बसतो.

"तोंड तं आमीबी वासून बसतो," काकाजी म्हणाले. "आमाले कोणी कूलर लावत नाई."

बल्बनं ऊब मिळते, मग ही ट्यूब कशाला, हा प्रश्न त्यांनी मात्र बरोबर ठिकाणी विचारला. वर्गात इतका नेमका प्रश्न येत नाही. पिवळ्या बल्बात यूव्हीबी नसतंच. ते नसेल तर अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, मग खाल्लेलं कॅल्शियम वाया जातं, हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो. ट्यूब जाळीवर आडवी ठेवायची, बल्बच्या शेजारीच, म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकाच फांदीवर मिळतात. बसलेल्या सरड्याची पाठ ट्यूबपासून २० ते २५ सेंटीमीटरवर यावी. मध्ये काच नको, काच यूव्हीबी अडवते. जाळीही थोडं खातेच. आणि वर्षानं ट्यूब बदलायची, दिसायला लखलखीत असली तरी, कारण उजेड राहतो आणि यूव्हीबी आधी संपतं.

"मंग उन्हातच ठेवा ना त्याले, सकाऊन. फुकट हाये."

हे मला अजून टोचतं, कारण हे खरं आहे. कोवळं ऊन कुठल्याही ट्यूबपेक्षा चांगलं. अर्धा पिंजरा सावलीत ठेवून तासभर अंगणात ठेवला की काम झालं. पण तासभर कोणीतरी शेजारी बसायला हवं. मांजर आहे, कावळे आहेत, शेजारची पोरं आहेत, आणि मला शाळेआधी पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा असतो. हे मी बोललो नाही. नुसतं "हं" केलं.

त्या "हं"नं काकाजींना जोर चढला. पिंजऱ्यात काय लावता? मी म्हटलं, मनी प्लांट, जास्वंद, छत्रीचं झाड. हा सरडा पानंही कुरतडतो, म्हणून विषारी काही चालत नाही. कण्हेर नको, रुई नको, एरंड नको. नर्सरीतलं रोप तर आणल्या आणल्या पिंजऱ्यात घालूच नये. पानं दोन्ही बाजूंनी धुवायची, खताचे दाणे असलेली माती झटकून साध्या मातीत लावायचं आणि काही आठवडे बाहेर ठेवायचं. चढायला अंगठ्याएवढ्या जाड आडव्या फांद्या. मी पेरूच्या घेतल्या.

"पेरू कायले तोडता? पऱ्हाटी न्या माह्या वावरातून. गाडीभर पडली हाये. अन खायाले बोंडअळी न्या, गुलाबी. तुमचा सरडा धष्टपुष्ट, माह्यं वावर साफ."

सगळे हसले. मीही हसलो. पण पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, चालत नाही आणि अळीही चालत नाही, कारण दोन्हींवर फवारणी झालेली असते. फवारलेला किडा खाल्ला तर सरडा दगावतो. हे सांगताच हसू थांबलं. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं दगावली, ते या बाजूला कोणाला सांगावं लागत नाही. काकाजी म्हणाले, "सरडा तं फवारलेलं खात नाई. हुशार हाये." मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

पाण्याचा विषय मी स्वतःच काढला, वातावरण हलकं करायला. चूक झाली. हा सरडा वाटीतलं पाणी सहसा ओळखत नाही, पानावरचा थेंब चाटतो. म्हणून मेडिकलमधून नवा सलाईन सेट आणायचा, बाटली वर टांगायची, दर एक-दोन सेकंदाला एक थेंब पानावर, खाली ट्रे. ट्रे रोज रिकामा करायचा, ओल साचली आणि हवा कोंडली की छातीचा रोग. पाण्याचा फवारा रात्री आणि पहाटे, दिवसा पानं कोरडी. रात्री लाल-निळा दिवासुद्धा नको, ठार काळोख.

"सरड्याले सलाईन!" काकाजींनी हे वाक्य रस्त्यावरच्या माणसांनाही ऐकू जाईल असं म्हटलं. दोघं आत आले.

मग त्यांनी हिशेब मागितला. बल्ब साठ, ट्यूब चोवीस, झाडांसाठी एलईडी वीस. एकशे चार वॅट, बारा तास. दिवसाला सव्वा युनिट.

"दिवसा बारा घंटे?"

"हो."

"माह्या हरभऱ्याले लाईन आठ घंटे. तेबी राती. दोनले उठून बॅटरी घेऊन वावरात जाओ. तुमाले सरपटणारं जनावर पाहाले पैसे लागतात मास्तर, मले पायाखाली फुकट भेटते."

यावर माझ्याकडे आकडा नव्हता.

तेवढ्यात लाईन गेली. दुकानदार मोबाईलच्या उजेडात टायमर शोधू लागला. त्याच्याकडे काट्यांचा, चकती फिरवायचा होता. तो मी नाकारला. लाईन गेली की त्याची चकती जागीच थांबते. दोन दिवस चार-चार तास लाईन गेली तर सरड्याचा सूर्य दुपारी दोनला उगवतो आणि मध्यरात्रीनंतर मावळतो. आत छोटी बॅटरी असलेला डिजिटलच घ्यावा. व्होल्टेज १८०वर आलं तर साठचा बल्ब जेमतेम चाळीसची ऊब देतो, म्हणून तापमान संध्याकाळीही मोजावं आणि दुपारीही. एवढं सगळं मी अंधारात बोलत होतो. ऐकणारे आठ जण.

"बिलावर नाव काय टाकू?" दुकानदारानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत काकाजींनी नाव सांगून टाकलं. बल्बच्या ओळीत 'सरड्याचं ऊन, १ नग' हेही त्यांनीच घालायला लावलं. चोवीसची पट्टी मिळालीच नाही. ती नागपूरहून मागवली आहे, चार दिवस लागतील. काकाजींचा मेकॅनिकही जेवून आला नव्हता.